बोटावर तोललेला पटर

मुंबईच्या एका गोल्फ क्लबात मी तीसेक वर्षं कॅडी होतो. कॅडी म्हणजे साहेबाची पिशवी खांद्यावर टाकून मागून चालणारा, असं लोक समजतात. मी मागून कधी चाललो न्हाय. चार पावलं पुढेच असायचो. शाळा तिसरीत सुटली, पण होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत कुठल्या अंगाला झोपलंय, ते चपला काढल्या की माझ्या पायाला कळायचं. त्या गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल हाणायचा नसतो, ढकलायचा असतो. ज्या स्टिकने ढकलतात तो पटर.

माझे साहेब एकच. सकाळी दवात आमच्या दोघांच्या पावलांच्या रेघा उठायच्या. नवव्या होलजवळच्या जांभळाखाली साहेब थर्मास उघडायचे. पहिला कप मला. आजही चहा ओतताना आमची म्हातारी आधी स्वतःला घेते, तेव्हा मला तो जांभूळ आठवतो.

एकदा साहेबांनी नवा पटर घ्यायचा ठरवला. दुकानातले चार पटर क्लबात आणले आणि म्हणाले, "तू निवड." चारचौघांत म्हणाले. माझी छाती फुगली. आमच्या रेवदंड्याच्या बाजूला कोयता घेताना तो बोटावर आडवा तोलून बघतात. पात्याचं टोक खाली झुकलं की कोयता चांगला, हात फिरवला की पातं आपसूक वळतं. मी चारही पटर बोटावर तोलले. तिघांचं तोंड, बॉलला लागणारी ती सपाट बाजू, आभाळाकडे राहिलं. एकाचं टोक खाली झुकलं. तोच उचलला.

तिथेच चुकलो. झुकणारा पटर कमानीत हात फिरवणाऱ्याचा. साहेबांचा हात रुळावरच्या गाडीसारखा सरळ मागे, सरळ पुढे. त्यांना आभाळाकडे बघणारा पटर पाहिजे होता; झुकणारा सरळ हातात बॉल उजवीकडे ढकलतो. पंधरा दिवसांत मला कळलं. सांगितलं न्हाय. माझा शब्द मी खाली पडू देत नसे. पुढे क्लबातल्या मोठ्या मॅचला शेवटच्या होलवर, जेमतेम तीन हातांवरून, बॉल उजवीकडून निघून गेला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "गवतात खोट हाय, साहेब."

आता मी काम सोडून गावी असतो. यंदा गणपती झाल्यावर साहेब त्यांच्या किहीमच्या बंगल्यावर आले आणि गाडी करून थेट माझ्या अंगणात उतरले. हातात दोन पटर. एक तोच, मी निवडलेला, मूठ झिजून काळी पडलेली. दुसरा नवा, एवढ्या थोरल्या डोक्याचा.

"हे उलथनं कुठनं आणलंत?" मी म्हटलं. "घावन घालायचेत काय?"

"थट्टा पुरे, म्हाताऱ्या. दुकानदार म्हणतो नवा घ्या. मुलगी म्हणते आता खेळच बंद करा. हात थरथरतो, जवळचेही चुकतात. तू सांगशील ते. नाहीतर आजपासून पिशवी माळ्यावर."

अंगण नुकतं सारवलेलं होतं, ग्रीनला लाजवील असं. मी होल म्हणून नारळाची करवंटी जमिनीत बरोबरीने पुरली. बॉलच्या वाटेलगत पोफळीची सरळ फळी टाकली आणि म्हटलं, "जुना घ्या. फळीच्या कडेने चालवा." साहेबांचा हात तसाच होता, फळीला धरून सरळ. बॉल मात्र करवंटीच्या उजवीकडून तुळशीपाशी गेला. तिन्ही वेळा.

नवा पटर मी बोटावर ठेवला. तोंड आभाळाकडे. डोकं जड, म्हणजे थरथर पोटात घेणारा. मूठही जाड. हाच, यात शंका न्हाय. पण हा बरोबर म्हटलं की तो चूक होता, हेही आलंच.

म्हातारी दारातून म्हणाली, "बोला की. बोटावर काय पोपट बसलाय?"

"साहेब," मी म्हटलं, "त्या मॅचला गवतात खोट नव्हती. पटर चुकीचा होता. मी निवडलेला. मला तेव्हाच ठावं होतं."

साहेब ओटीवर बसले.

"अरे, इतकी वर्षं मी माझ्या हाताला दोष देत आलो," ते म्हणाले. "गवत चांगलं होतं, ते मलाही दिसलं होतं. वाटलं, तू माझी लाज राखतोयस."

मी नवा पटर त्यांच्या हातात दिला. पहिला बॉल करवंटीच्या काठावरून फिरून बाहेर गेला. दुसरा आत पडला. तिसरा आत. चौथ्याला साहेब हसायला लागले, म्हणून चुकला.

म्हातारीने चहा आणला. कप मी ओतले. पहिला साहेबांना दिला.

जाताना जुना पटर ते ओटीवरच ठेवून गेले. मी तो कोयत्याशेजारी खुंटीला लावलाय. हात कमानीत फिरतो तो माझा. संध्याकाळी करवंटीत दोन-चार बॉल घालून बघतो, बरे जातात.