एकटीला बाज नाही

फोन आला तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. पडद्यावर प्रणालीचं नाव दिसलं म्हणून हसतच म्हटलं, "आली का गं आठवण?" पलीकडे तिचा धाकटा भाऊ होता. "ताई, आमची प्रणालीताई गेली..." एवढंच बोलला आणि रडायला लागला. साधा ताप आहे, चार दिवस आईच्या हातचं खाऊन येते, म्हणून ती वर्ध्याकडे आपल्या गावी गेली होती. ताप डेंग्यूचा निघाला. निघताना आमच्या फ्लॅटच्या दारात चप्पल घालता घालता ती मला म्हणाली होती, "बाज उन्हात राहू देऊ नको व, दोरी खराब होते." आमचं शेवटचं बोलणं हे असं, दोरीबद्दल.

बाजेवाचून प्रणालीविषयी काही सांगताच येत नाही. वाघोलीच्या आमच्या कॉलेजात काचेच्या इमारती होत्या, लिफ्ट होत्या, प्रवेशाच्या दिवसांत चालू राहणारं कारंजंसुद्धा होतं. बाहेर बसायला तेवढी जागा नव्हती. ग्रॅनाइटचे बाक होते, ते मार्च लागला की तव्यासारखे तापायचे. मग मुलं पार्किंगमधल्या गाड्यांवर बसायची, नाहीतर खोलीचं दार लावून मोबाइल बघत पडायची. शेवटच्या वर्षी कॉलेजात बिझनेस आयडियांची स्पर्धा लागली आणि जो तो ॲप काढायला बसला. मीही. माझ्या शाखेत नसलेल्या या मुलीने मात्र स्टेजवर चक्क एक बाज आणून टाकली. चौकट तिने वाघोलीतल्या सुताराकडून करून घेतली होती, दोरी स्वतः विणली होती. कॅन्टीनमागच्या कडुनिंबांखाली अशा बाजा टाकायच्या आणि तासाच्या भाड्याने द्यायच्या, एवढीच तिची आयडिया. परीक्षकांपैकी एकांनी गंभीरपणे विचारलं, "याचं स्केलिंग कसं करणार?" ती म्हणाली, "सर, आधी बसून तर पाहा." दोघे परीक्षक दोन टोकांना जपून टेकले, आणि बघता बघता घसरत मध्ये येऊन एकमेकांच्या खांद्यावर आदळले. हॉल हसून लोळला. बक्षीस कुठल्याशा ॲपला मिळालं (माझ्या नव्हे), पण उन्हाळाभर बाजा टाकायची परवानगी तिने पदरात पाडून घेतली.

आम्ही कसबा पेठेतली माणसं. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की शेजारच्यांची फोडणीसुद्धा आम्हाला कळते. म्हणूनच की काय, बाहेर पडलं की आम्हाला आमची आमची जागा लागते. बसमध्ये मी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायचे. तर अशी मी, पुस्तक घेऊन, निवांत वाचावं म्हणून कडुनिंबाखाली गेले आणि बाज मागितली. प्रणाली म्हणाली, "एकटीला बाज नाही."

"अगं, भाडं देतेय ना?"

"मंग थांब. दुसरं कोणी आलं का दोघी बसा."

धंदा करायची ही पद्धत मी पुण्यातही पाहिली नव्हती, आणि आमच्याकडे गिऱ्हाइकाला परत पाठवण्याची काही कमी नाही. मी रागाने तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने ती स्वतःच बाजेवर जाऊन बसली. "काहून उभी आहेस व? बस ना." मी काठावर टेकले आणि व्हायचं तेच झालं. सावरत म्हटलं, "नीट ताणून बांध की जरा." तर म्हणाली, "मुद्दाम सैल ठेवली. ताणली का माणूस आपल्या आपल्या काठावर बसते. सैल असली का मधात येते." माझं पुस्तक त्या दिवशी उघडलंच नाही.

या नियमापायी धंदा चालेना. एकटी येणारी मुलं वैतागून परत जायची. मी तिला समजावलं, एकट्यांनाच तर निवांत बसायचं असतं. ती म्हणाली, "इथं आली तं पहिलं वर्षभर मी जिन्यात बसून जेवली. कोणाची आहेस, कुठली आहेस, कोणी विचारलं नाही. त्याले निवांत नाही म्हणत." त्यानंतर मी नियमाबद्दल बोलले नाही. उलट तिला एक पाटी रंगवून दिली, 'बाज बसण्यासाठी आहे. झोपणाऱ्यांनी वर्गात जावे.' ती पाटी पाहून प्रणाली इतकी हसली, की तिला ठसका लागला.

पुढच्या वर्षी कॉलेजने त्याच झाडांखाली स्टीलच्या खुर्च्या बसवल्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी हात असलेल्या. आम्ही दोघी तोवर नोकरीला लागून वाघोलीतच फ्लॅट घेऊन राहत होतो. मुद्दाम बघायला गेलो. "चांगल्या आहेत," प्रणाली म्हणाली, "पण कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही." उरलेली एक बाज आमच्या बाल्कनीत आली. संध्याकाळचा चहा तिच्यावरच व्हायचा. भांडण झालं तरी दोन टोकांना फुगून बसायची सोय नव्हती. खांद्याला खांदा लागायचा, एक हसायची, मग दुसरी.

तेरवीला मी तिच्या गावी गेले. अंगणात माणसं होती, कोणाशी काय बोलावं कळेना, म्हणून भिंतीशी उभी राहिले. तिच्या आईने भिंतीला लावलेली बाज आडवी केली आणि म्हणाली, "काहून उभी आहेस व? बस ना." तेच शब्द, तोच हेल... आम्ही दोघी बसलो आणि मध्ये आलो. ती माऊली माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मीही. निघताना म्हटलं, "काकू, तिचं सामान पाठवते. बाजही पाठवते." तर म्हणाली, "बाज राहू दे तुह्यापाशीच. तू एकटीच आहेस तिथं."

फ्लॅटवर आता मी एकटीच आहे. नवीन मुलगी बघ, असं घरचे म्हणतात. बघेन. परवा शेजारचे काका बाल्कनीत डोकावून म्हणाले, "अहो, केवढा झोळ पडलाय हिला. ताणून देऊ का?" मी घाईने म्हटलं, "नको, राहू द्या तशीच." ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन मी तिचा नियम मोडते आणि बाजेवर बसते. बसते अगदी काठाला, तिची जागा सोडून. दोरी ऐकत नाही. हळूहळू मध्ये ओढते, आणि मी कोणाच्याही खांद्याला न लागता तशीच पलीकडे कलंडते.