समुद्र दिसणारी खोली

प्यो गुमरान कोरियातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या एका चारमजली हॉटेलात एकोणीस वर्षं कामाला होती. आधी चादरी धुतल्या, मग थोरल्या मालकांनी तिला काउंटरवर बसवलं. ते वारले, मा आडनावाच्या त्यांच्या जावयाने कारभार हाती घेतला आणि फोनवर काय बोलायचं याची तिला नव्याने शिकवणी मिळाली. आधी फक्त भाडं सांगायचं. गादीचे, एसीचे, पोहण्याच्या तलावाचे पैसे पाहुणा आल्यावर सांगायचे.

"माणूस एकदा सामानासकट आत आला की परत जात नाही," मा साहेब म्हणायचे.

गुमरान मान खाली घालून तसंच करायची. नवऱ्याची पाठ कामातून गेलेली, घर तिच्याच पगारावर.

ऑगस्टचा पहिला शनिवार. काउंटरसमोर रांग लागलेली. तेवढ्यात कू ब्योंगछान नावाचा गृहस्थ तरातरा जिना उतरून आला. डोंगरातल्या कोळशाच्या खाणींच्या गावचा माणूस. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिला समुद्र दाखवायला आणलेलं. म्हातारीचे गुडघे चालत नव्हते आणि लिफ्ट बंद, म्हणून तिला पाठुंगळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढला होता.

"ताई, समुद्र कुठाय?"

गुमरान पाठ केलेलं बोलली, "न्हाणीघराच्या खिडकीतून जरासं वाकलं की..."

"वाकलं की? ऐंशी वर्षांची माझी आई वाकून समुद्र बघणार? समोर बर्फाच्या कारखान्याचा पत्रा दिसतोय, पत्रा!"

मा साहेब आतून आले. "समुद्राकडच्या खोलीचे दोन लाख वॉन जास्त. शिवाय तिसऱ्या माणसाची गादी, एसी..."

"एसीचेही? मग भिंतींचे किती?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मा साहेबांचा चेहरा लाल झाला. "नको असेल तर निघा. पैसे परत मिळणार नाहीत."

कूने काउंटरवर थाड्कन हात आपटला. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

"पोलिसांना बोलावीन!" मा साहेब ओरडले.

"बोलवा! बघू कोणाला नेतात ते!"

कूची बायको त्याची बाही ओढत होती. "अहो, सोडा ना. आई वर एकट्या आहेत."

मा साहेब गुमरानकडे वळले. "गुमरानबाई, सांगा यांना. फोनवर सगळं सांगितलं होतं ना?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. माझं तिच्याच गल्लीत माशांच्या सूपचं दुकान आहे. हा सगळा प्रकार नंतर तिनेच मला सांगितला. तिने काउंटरची कड घट्ट धरली.

"नाही. यांचा फोन मीच घेतला होता. आईला समुद्र बघायचाय, असं हे तीनदा म्हणाले. मी म्हटलं, दिसतो, आणि भाड्यात सगळं आलं. खोटं बोलले मी. तसंच बोलायला सांगितलं होतं."

तिने खुंटीवरची चौथ्या मजल्यावरच्या, समुद्राकडच्या खोलीची किल्ली काढली. ती खोली मा साहेब ऐन वेळी येणाऱ्या बड्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचे.

"ठेवा ती!" त्यांनी तिचं मनगट पकडलं. सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळले. त्यांनी हात सोडला आणि आत जाऊन दार आपटलं.

कूने आईला पुन्हा पाठुंगळी घेतलं, बॅगा गुमरानने स्वतः वर नेल्या. म्हातारी खिडकीशी पाय पसरून बसली. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मोठा आहे गं. पण बडबड फार करतो."

संध्याकाळीच गुमरानची नोकरी गेली. गोष्ट किनाऱ्यावर पसरली आणि दुसऱ्या कुठल्या हॉटेलाने तिला दारात उभं केलं नाही. तो हिवाळा तिने धक्क्यावर माखुळ मासळी साफ करत काढला. थंड पाण्याने बोटं फाटली, नवरा रोज टोमणे मारायचा. वसंतात कुठे बस स्टँडच्या तिकीट खिडकीवर जागा मिळाली.

एकदा तिकीट काढताना मी विचारलं, "पस्तावा होतो का गं?"

"त्या दिवसाचा नाही," ती म्हणाली. "त्याआधी ज्यांना ज्यांना फोनवर 'दिसतो' म्हटलं, त्यांचा होतो."

माझ्यामागे माणसं ताटकळत होती. तिने सुटे पैसे माझ्याकडे सरकवले आणि पुढच्याला विचारलं, "कुठलं देऊ?"