टेस्ट डेटातला घटस्फोट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मला सांगताना थोडं जड जाणार आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कॉम्प्युटरचा डिप्लोमा ताजा आणि समाज सुधारायची घाई. गोडदेवला सावंतकाका वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. मी त्यांना फुकटात प्रोग्रॅम लिहून दिला. हुंड्याचा रकाना तर ठेवलाच नाही! वर काकांना बजावलं, माणूस खोटं बोलेल, कॉम्प्युटर बोलणार नाही.

आता नवा प्रोग्रॅम तपासायचा कसा? खोटी माणसं बनवून आत भरायची. याला टेस्ट डेटा म्हणतात. काम झालं की पुसून टाकायचा. मला घटस्फोटितांची यादी नीट येते का, ते बघायचं होतं. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला खराब करा? तत्त्वाचा माणूस मी, स्वतःचंच घातलं. घटस्फोटित, एक मुलगी, आईकडे असते. यादी झकास आली. त्या आनंदात पुसायचं राहिलं.

इकडे पेणकरपाड्याच्या नीलिमाचं आणि माझं जमलेलं. तिचे वडील महत्प्रयासाने तयार झाले आणि माझी चौकशी करायला गेले कुठे? सावंतकाकांकडे, माझे गाववाले म्हणून! काकांनी कौतुकाने कॉम्प्युटरवर माझं नाव टाकलं.

कळताच मी धावत तिच्या वडिलांकडे गेलो.

"काका, ती टेस्टिंगसाठी भरलेली खोटी माहिती होती."

"भरली कोणी?"

"मीच."

"चुकून?"

"नाही, मुद्दाम. तशीच भरतात."

"मग आता सांगतोयस, ते पण टेस्टिंगच का?"

इथे गप्प बसावं की नाही? पण आपल्याला कुठला दम! बग म्हणजे काय, तो कसा काढतात, सगळं ऐकवलं. पुढच्या व्हर्जनमध्ये मी अविवाहित असेन, असंही बोलून गेलो.

नंतर नीलिमा एवढंच म्हणाली, "व्हर्जन कशाला काढलंस रे? गप्प राहिला असतास, तर बाबांना मी वळवलं असतं."

तिच्या वडिलांनी तिचं नाव मंडळात घातलं. प्रोग्रॅम तोवर मी अगदी निर्दोष केला होता. त्याने पहिल्याच फेरीत ठाण्याचं स्थळ काढून दिलं.

तिच्या लग्नात सावंतकाकांनी प्रोग्रॅमबद्दल मला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या नीलिमाच्या वडिलांनी.