बिजलीची थाळी

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली घागरी टँकरच्या रांगेला लागल्या होत्या, आणि पोलीस लाइनीमागं वीरभद्र शिपाई बिजलीला ओल्या फडक्यानं पुसत होता. कुंपणापलीकडून बाया ऐकवायच्या, "बघ गं कुत्रीचं नशीब. हितं लेकराचं तोंड धुयाला न्हाई." वीरभद्र मान वर करायचा नाही. बाया खरं बोलत होत्या, म्हणून जास्तच झोंबायचं.

वीरभद्र उदगीरचा, आडतीवर तोलाई करणाऱ्या मडिवाळप्पाचा पोरगा. नव्या जिल्ह्याला श्वानपथक मिळालं तेव्हा कुत्र्यांमागं फिरायला कुणी नाव देईना, यानं दिलं. पुण्याला नऊ महिने शिकला. तिथल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. तुझा राग पट्ट्यातून कुत्रीच्या मानेत उतरतो, तो आधी आवर. आणि तिला खायला तूच घाल, दुसऱ्याचा हात लागू देऊ नको.

पहिली गोष्ट त्यानं जीव ओतून केली. मुळात माणूस भडक, एका शब्दावर कॉलर धरणारा. पहाटे तो एकटाच मैदानात जायचा. बिजलीला न घेता, डोळे मिटून, कुत्र्यांच्या कसरतीची फळी, कडं, शिडी, चौथरा असं चालत जायचा. कुठं श्वास अडकतो, कुठं मूठ आवळते, ते हुडकायचा. अकरा श्वास मोजल्याशिवाय पट्टा हातात घ्यायचा नाही. वर्षभरात त्याच्या तोंडातली शिवी गेली. लाइनीतले हसायचे, "आप्पा, कुत्री शिकायलीय का तूच?" त्याला मनातून बरं वाटायचं.

दुसरी गोष्ट हुकली. म्हातारी सिद्धम्मा, त्याची आई, उदगीरहून राहायला आली. रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारं हे घर. आणि पोरगा थाळीत मटण कालवताना तिच्या नजरेला पडला. ती ओरडली नाही. त्याचा उजवा हात धरून म्हणाली, "ह्याच हातानं लिंगाला बेल वाहतोस न्हवं, वीरा?"

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वीरभद्रनं थाळी रामकिशनकडं दिली. रामकिशन पथकात झाडलोट करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षं बिजली त्याच्या हातचं खात राहिली. साहेबांची फेरी असली की वीरभद्र थाळी धरून उभा राहायचा, बस. आपण मन एवढं साधलंय, थाळीनं काय बिघडतंय, असं त्याला वाटायचं.

मे महिन्यात नांदेडला कुत्र्यांची परीक्षा लागली. नापास कुत्र्याचा हँडलर बदलायचा आणि मोकळा झालेला शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला लावायचा, असा हुकूम होता. रामकिशन थाळी, बादली घेऊन जीपमध्ये मागं बसला.

नांदेडच्या मैदानात वीरभद्रनं अकरा श्वास मोजले. मनगट सैल. बिजली फळीवरून पळाली, कड्यातून पार झाली, शिडी चढून उतरली. राहिला चौथरा, त्यावर इशारा होईस्तोवर हलायचं नव्हतं. बारा वाजत आले होते, तिच्या खाण्याची वेळ. कडेला लिंबाखाली रामकिशननं, ऊन येतंय म्हणून, थाळी सावलीत सरकवली. पितळ दगडावर वाजलं.

बिजलीचे कान उभे राहिले. वीरभद्र "बैस" म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. उस्तादानं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती. ती खाली उतरली, त्याच्या पायाला घासून गेली आणि रामकिशनपुढं जाऊन बसली. शिकवल्यासारखी, ताठ.

मैदान हसलं. साहेबांनी विचारलं, कुत्री नक्की कुणाची? रामकिशन जमिनीकडं बघायला लागला. वीरभद्रला काहीतरी सांगून निभावता आलं असतं.

"खाणं त्याच्या हातचं हाय, साहेब," तो म्हणाला. "कुत्रीची चूक न्हाई."

साहेबांनी तिथंच हँडलरच्या रकान्यातलं त्याचं नाव खोडून रामकिशनचं लिहिलं.

संध्याकाळी लातूरला परतल्यावर वीरभद्रनं रामकिशनच्या हातून थाळी घेतली. सिद्धम्मा दारात उभी होती, तिच्यासमोर त्यानं उजव्या हातानं मटण कालवलं आणि थाळी बिजलीपुढं ठेवली. तिनं वास घेतला. तोंड लावलं नाही. त्याच्या खांद्यावरून तिची नजर मागं गेली. तिथं रामकिशन उभा होता. त्यानं "खा" म्हटलं, तेव्हा ती खाऊ लागली.

सिद्धम्मानं तांब्या पुढं केला. घरात पिण्याचं उरलेलं पाणी तेवढंच. "हात धू," ती म्हणाली. त्यानं हात पुढं केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो टँकरच्या नळाशी काठी घेऊन उभा होता. रांगेतल्या एकीनं त्याला ओळखलं आणि हसून विचारलं, "आप्पा, कुत्री कुठं सोडली?"

त्याच्या तोंडून शिवी गेली. श्वास मोजायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.