चित्रकार मौनात आहेत

माझी चित्रं बरी आहेत, पण मी चित्रकार वाटत नाही, हे माझ्या एका फोटोग्राफर मित्राचं निदान. "तू विमा एजंट वाटतोस. तोंड उघडलंस की चित्रसुद्धा पॉलिसी वाटायला लागतं!" मग उपदेश: दाढी वाढव, काळा कुर्ता घाल आणि प्रदर्शनभर गप्प बस.

मी ऐकलं. कारण माझं पहिलंवहिलं एकल प्रदर्शन बघायला एक बड्या क्युरेटर बाई येणार होत्या. त्यांच्या मोठ्या प्रदर्शनात पुण्यातल्या एकाच चित्रकाराला जागा होती, आणि ती मला हवी होती. इतकी, की मी झोपेत त्यांच्याशी गप्पा मारायचो, असं बायको सांगते.

दाढी आली, खाज घेऊन. मौन काही येईना. शेवटी मीच ब्रश घेऊन पाटी रंगवली: 'चित्रकार मौनात आहेत. प्रश्न चित्रांना विचारावेत.' ती टेबलावर ठेवून शेजारी गूढ चेहरा करून बसलो.

पुण्यात पाटी लावायची आणि लोकांनी भिंतीकडे बघावं अशी अपेक्षा करायची! येणारा प्रत्येक जण आधी पाटीचा फोटो काढी, मग पाटीबरोबर स्वतःचा, आणि मला म्हणे, "काका, जरा बाजूला होता का?" दुसऱ्या दिवशी पाटी आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आली, आणि हॉलबाहेर चक्क रांग! एक आजोबा सगळी चित्रं बघून परत आले. "अहो, विचारलं मी. एकही उत्तर देत नाही. आता तक्रार कुणाकडे करायची?" मी गूढ हसलो. पोटात शब्दांचा कुकर शिट्टीला आला होता.

तेवढ्यात बाई आल्या. पाटी वाचून भुवई उंचावली आणि थेट माझ्या सर्वांत लाडक्या चित्रापुढे थांबल्या.

"छान आहे समुद्र," त्या बरोबरच्या मुलीला म्हणाल्या, "पण समुद्र फार झाले गं." आणि वळल्या.

"अहो मॅडम, तो ऊस आहे! आमच्या मांजरी गावचा!"

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. आजोबा तेवढे ओरडले, "बोललं! चित्र बोललं!"

मग मला कोण थांबवणार? पाचट अंगाला कसं कापतं, वारा सुटला की शेत कसं सळसळतं, माझ्या घराच्या गॅलरीतून दिसणारा तो तुकडा दरवर्षी कसा आखडतो, सगळं सांगितलं. वरची निळी पट्टी आकाशाची नव्हे, बिल्डरने ठोकलेल्या पत्र्यांची, हेही. बाई चित्राला नाक लावून बघत राहिल्या.

"हे आधी का नाही बोललात?"

मी पाटीकडे बोट दाखवलं.

जागा मिळाली! ऊस निवडला गेला! मी काळ्या कुर्त्यात पायऱ्या उतरताना अक्षरशः नाचलो, आजोबांच्या अंगावर आदळलो.

पुढे त्या प्रदर्शनाचं पत्रक आलं. माझ्या नावाखाली छापलं होतं: 'अत्यंत मितभाषी, जवळजवळ मौनी चित्रकार.' मी बाईंना फोन केला, तर त्या हसत म्हणाल्या, "पाटी फार फिरलीय हो. आता लोकांना तुम्ही तसेच हवेत."

मला काय, आनंदच! मी मितभाषी आहे हे सांगायला एकेका नातेवाइकाला फोन लावत सुटलो. मामांशी बोलणं जरा लांबलं, तशी बायको आतून आली आणि काही न बोलता पाटी माझ्यापुढे धरून उभी राहिली.