गुडघ्याच्या मापाचा क्रँक

फिटरला जगात एका शब्दाची मनस्वी चीड होती. तो शब्द म्हणजे 'चालेल'. पंपांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, पण त्याने तो ना स्वतः उच्चारला, ना आपल्या टेबलाजवळ कोणाला उच्चारू दिला. केसाएवढा फरक दिसला की तो अख्खा शाफ्ट परत पाठवायचा. लोक त्याला पाठीमागे 'सोनार' म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

असा माणूस घरात सायकल घेऊन बसला म्हणजे घरच्यांचं काय होत असेल ते सांगायला नको.

सायकल बायकोची. बायको आरोग्य केंद्रात नर्स. पुलापलीकडे बस जात नाही, तिथल्या विखुरलेल्या वस्त्यांमध्ये ती एकोणीस वर्षं सायकलवरून फिरली होती. बाळंतिणी बघायच्या, बाळांची वजनं घ्यायची, म्हाताऱ्यांच्या हट्टी जखमा धुवायच्या. तिकडच्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ तिच्या हातची. चार महिन्यांपूर्वी ती जिन्यावरून पडली, ऑपरेशन होऊन उजव्या गुडघ्यात स्टीलची पट्टी बसली आणि गुडघा काटकोनाच्या पुढे वाकेनासा झाला. लांब चालणं डॉक्टरांनी बंद केलं. सायकलला त्यांची ना नव्हती, फक्त पायडल वर येताना गुडघा फार वाकता कामा नये. केंद्राने सांगून टाकलं होतं की रजा संपल्यावर एक तारखेपासून सायकलवर फिरता आलं तर वस्त्या तुमच्या, नाहीतर रेकॉर्डच्या खोलीत टेबल. त्या खोलीत एक खिडकी होती आणि तीही कपाटामागे. तिचं नाव काढलं तरी बायकोचा चेहरा उतरायचा.

फिटर म्हणाला, त्यात काय, उजवीकडचा क्रँक आखूड करू. पायडलाचा दांडा दोन इंच आखूड झाला की पाय कमी वर येईल, गुडघा कमी वाकेल. हिशेब अगदी सरळ होता. म्हणूनच बहुधा तो जुळेना.

दुकानात लहान मुलांच्या सायकलचा क्रँक मिळाला, तर त्याचं भोक या सायकलच्या आसावर बसेना. दुकानदार म्हणाला, ठोकून बसवा. फिटर त्या दुकानात पुन्हा पंधरा दिवस गेला नाही. मग त्याने जुन्याच क्रँकला दोन इंच आत नवं भोक पाडलं, आटे पाडले, पायडल बसवलं. पायडल वर राहिलं म्हणून सीट वर घ्यावी लागली. सीट वर गेली तर हँडल खाली वाटायला लागलं. हँडल वर घेतलं तर ब्रेकची तार पुरेना. लांब तार आणली तर ती जुन्या ब्रेकच्या खाचेत मावेना. एका गुडघ्यापायी अख्खी सायकल खोलून झाली. स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी छर्रे, पाने आणि ग्रीसचा डबा असा संसार मांडला गेला. बायको त्यातून वाट काढत लंगडत गॅसपाशी जायची.

तरी एका रविवारी सायकल उभी राहिली. बायको बसली, पुलापर्यंत गेली आणि परत आली. उतरली तेव्हा कितीतरी दिवसांनी हसत होती. म्हणाली, "छान चालेल."

इथेच माशी शिंकली. फिटरने सायकल उलटी केली, पायडल फिरवलं, त्यावर बोट ठेवलं. भोक जरासं तिरकं पडलं होतं. पायडल फिरताना डुलत होतं, अगदी जरासं, पण त्याच्या बोटाला ते कळलं आणि मग त्याला दुसरं काही सुचेना. बायको म्हणाली, मला काहीसुद्धा जाणवलं नाही. तो म्हणाला, तुला नाही कळायचं. संध्याकाळच्या आत क्रँक उतरला होता.

पुढचे सहा आठवडे म्हणजे नुसता वैताग. दुसऱ्या क्रँकमध्ये ड्रिल तुटून अडकलं. तिसऱ्याचे आटे झिजले. चौथा भोकाशी तडकला. पाचवा सरळ उतरला, पण सीटच्या नळीला करकर सुरू झाली. फिटरचं डोकं फिरलेलं असायचं. तो बाजारातल्या लोखंडाला शिव्या घालायचा, दुकानदाराला घालायचा, सायकल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना घालायचा. बायको काही सांगायला आली की कानस मारता मारता 'हं' म्हणायचा. दर शनिवारी म्हणायचा, या रविवारी नक्की.

एक तारखेला चार दिवस उरले होते तेव्हा सहावा क्रँक बसला. पायडल फिरवलं तर ते डुललंही नाही आणि वाजलंही नाही. बायकोने गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. फिटरचा ऊर भरून आला. अशी सायकल अख्ख्या गावात कोणाकडे नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

बायको उतरली, पण हसली नाही.

"मी लिहून दिलंय," ती म्हणाली. "टेबल घेते म्हणून. वीस तारखेला."

"एक तारखेला अजून चार दिवस आहेत."

"काम एक तारखेपासून. उत्तर विसाच्या आत द्यायचं होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही हं म्हणालात."

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोडी मुदत मागून घ्यायची होती, त्याने विचारलं, तेवढंही जमलं नाही का तुला?

"कशाच्या जोरावर मागू? सायकल आत उलटी पडली होती, एका पायडलाची." तिने हँडल त्याच्या हातात दिलं. "त्या रविवारी मी पुलापर्यंत जाऊन आले होते. मला तेवढी पुरेशी होती हो."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून तो केंद्रात गेला. तिथल्या मुख्य बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा विचारला आणि नम्रपणे सांगितलं की पुलापलीकडच्या वस्त्या नव्या नर्सला दिल्या, तिचा हुकूमही निघाला. सायकल तयार आहे, तो म्हणाला. हे त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याची त्यालाच लाज वाटली.

एक तारखेला सकाळी बायकोने सायकल बाहेर काढली. पदर खोचला, बॅग कॅरिअरला लावली, बसली. सायकल निघाली ती अशी, की चाकांचासुद्धा आवाज आला नाही. पुलाकडे जायला कोपऱ्यावर उजवीकडे वळावं लागतं. ती डावीकडे वळली.

फिटर दारातच उभा राहिला. केंद्र दोन गल्ल्या सोडून होतं. एवढं तर ती चालतही गेली असती. आज सायकल तिने फक्त त्याच्यासाठी काढली होती.