मामांचा पुढचा दात

आमच्या देवळीच्या मामांइतका सावकाश माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका गोड सॅक्सोफोन वाजवणारा तर पुढेही होणार नाही. घरचं कापडाचं दुकान. पण ऐन तरुणपणी मामांनी सिंदीच्या एका बंद पडलेल्या बँडवाल्याकडून ते वाकडं पितळी वाद्य उचलून आणलं आणि मीटर-कात्री थोरल्या भावाच्या ताब्यात गेली ती गेलीच. एका घासलेल्या कॅसेटवरून ते जॅझमधला सगळ्यात संथ, मऊसूत प्रकार शिकले आणि वरातीत वाजवू लागले. वरातीत लोकांना हवा असतो धिंगाणा. मामा डोळे मिटून एकच सूर असा लांबवत, की नाचणाऱ्याला वर गेलेला हात खाली कधी आणावा हेच कळेना. "मामा, जरा जोरात!" असं पोरं ओरडली की तोंडातलं वाद्य काढून शांतपणे म्हणत, "काऊन बाप्पा, नवरी पळून चालली का?" तरीही त्यांना सुपाऱ्या मिळत राहिल्या, त्या मुलीकडच्यांमुळे. मामा पुढे असले की वरात हमखास उशिरा पोचते, हे आचाऱ्यांनी हेरलं होतं. पुऱ्या तळायच्या राहिल्या असतील असं वाटलं, की वधूपिता आधीच व्याह्यांना मामांचं नाव सुचवून ठेवी.

सॅक्सोफोनचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवून धरावं लागतं, आणि मामांचा त्यातलाच एक दात काही वर्षांपासून हलत होता. त्याची बडदास्त काय वर्णावी! ऊस बंद, पेरू किसून, भाकरी दुधात बुडवून. वर्ध्याच्या डॉक्टरांनी "काढून टाकू" म्हणताच मामा खुर्चीतून उठले ते थेट एसटी स्टँडवर. माझ्या मुलीला लहानपणी त्यांनी शब्द दिला होता, "तुह्या लग्नात मीच वाजवीन." तो पाळेपर्यंत दात टिकायला हवा होता. मी हसायचो, पण आतून मलाही धाकधूक वाटायची.

लग्नाला आठ दिवस उरले असताना दात पडला, तोही उपम्यातल्या शेंगदाण्यानं. मामींचा फोन आला, "तुये मामा कोणाशी बोलून नाई राह्यले." मी देवळी गाठली. मामा वाद्य मांडीवर घेऊन बसले होते. "मामा, वाजवायचं राहू द्या. नुसते आशीर्वादाला या," मी म्हणालो. मामा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर भडकले. "दात पडला माहा, हवा नाई पडली! तू घरी जाय." मग आठ दिवस दुकानामागच्या खोलीत, वरचा ओठ हिरडीवर दुमडून, त्यांनी नव्यानं फुंकायचा सराव केला.

पाठवणीला मामा मांडवाच्या दाराशी उभे राहिले. ओठ सुजलेला होता. सूर निघाला तो पूर्वीपेक्षाही हळुवार, त्यात त्यांचा श्वास ऐकू येत होता. दारापासून गाडीपर्यंत चाळीस पावलं असतील. मामा वाजवत पुढे आणि आम्ही मागे. व्याही घड्याळ बघत होते. मामांच्या संथपणाची मी जन्मभर टिंगल केली होती. गाडीचं दार उघडलं तेव्हा मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "मामा, आणखी थोडं हळू."

मामांनी डोळे उघडले नाहीत. फक्त तो सूर धरून ठेवला, आणि तो संपेपर्यंत माझी लेक गाडीत बसली नाही.